पहिली भाकरी कुणाची?

मैत्रिणींनो, मुंबईत थंडी आली हे कसं ओळखायचं? पुण्या-नाशिककडच्या बायका आपल्याला हसतात. "तुमच्याकडे कसली आलीय थंडी? पंखा एक घर कमी केला की झाला तुमचा हिवाळा!" असं माझी नाशिकची नणंद दर वर्षी न चुकता म्हणते. म्हणो बापडी. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, हे मी तिला ऐकवते. त्या वर्षी मी जेमतेम पाच वर्षांची होते. आईने मला दोन गोधड्यांत गुंडाळून चुलीजवळ बसवलं होतं, एवढंच आठवतं.

पण आमच्या गिरगावातली खूण वेगळी. सकाळी मोरीच्या फळीवरची खोबरेल तेलाची बाटली उचलावी आणि ती पांढरी, घट्ट दिसावी. खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या खाली गोठायला लागतं. तेव्हा बाटली गोठली की समजावं, थंडी दाराशी आली. मग गॅलरीत उन्हाचा पट्टा कुठवर येतो ते बघत खुर्ची सरकवायची, ट्रंकेतला स्वेटर काढून त्याचा डांबरगोळ्यांचा वास घालवायचा, आणि बाजारात मटार स्वस्त झाले का याची रोज चौकशी करायची.

परवा आमची बाटली गोठली आणि त्याच संध्याकाळी नातीचा फोन आला. "आजी, नाताळची सुट्टी पडतेय. आम्ही सगळे येतोय. आत्याकडचे पण येणार आहेत. तू धुंधुरमासाचं करशील ना? भाकरी, भरीत, सगळं?" मुलगा मरोळला राहतो. २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो थेट गिरगावात यायला लागली, तेव्हापासून ही मंडळी उठली की निघतात.

मी "हो, या की" म्हटलं. फोन ठेवला आणि बोटांनी आपसूक हिशेब सुरू केला. दहा माणसं, प्रत्येकी दोन भाकऱ्या, म्हणजे वीस. खोटं कशाला बोलू? आनंद झालाच, पण मनाच्या आधी पाठीला ते कळलं.

आता ज्यांना धुंधुरमास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सूर्य धनु राशीत असतो तो हा महिना. डिसेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि संक्रांतीला संपतो. कुणी याला धनुर्मास म्हणतात, कुणी झुंझुरमास. या महिन्यात एखाद्या दिवशी तरी पहाटे उठून स्वयंपाक करायचा, सूर्य उगवताना नैवेद्य दाखवायचा आणि कोवळ्या उन्हात सगळ्यांनी मिळून जेवायचं. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत, पावटे-मटार-गाजर-हरभरा अशी सगळी घालून केलेली लेकुरवाळी भाजी आणि गुळाचा खडा. त्यात गोडधोड नाही, तळण नाही. बाजारात त्या दिवसांत जे ताजं आणि स्वस्त मिळतं, तेच ताटात.

आणि पहाटे म्हणजे काही अपरात्री उठायला नको. मुंबईत या दिवसांत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. गंमत म्हणजे सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला, तरी सर्वांत उशिराचा सूर्योदय येतो जानेवारीच्या मध्याला, सव्वासातच्या सुमाराला. तेव्हा साडेपाचला उठलं तरी नैवेद्य वेळेवर होतो.

हे दिवस आमच्या भागात तसे भरगच्चच असतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी दादरच्या फुलबाजारात पाऊल ठेवायला जागा नसते. आंब्याचे डहाळे, वेणी, पाच फळं घेऊन बायका गर्दीतून पिशव्या डोक्यावर धरून निघतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना वंदन करायला लाखो माणसं येतात, आणि शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. मुलांच्या सुट्टीसाठी चार पुस्तकं मी तिथूनच आणते. शाळांची स्नेहसंमेलनं असतात. आईच्या नऊवारीत तिसरीतली जिजाबाई अडखळत असते. सुट्टीत राणीची बाग असतेच. आमच्या वेळी हत्ती बघून परत यायचो, आता २०१७ पासून पेंग्विन बघायला रांग लागते. इकडे खोताच्या वाडीत दारोदारी कागदी चांदण्या टांगल्या जातात. पैसा फारसा न लागता मिळणारी ही सुखं. पण माझं बोलणं आज आहे ते या सुखांच्या मागे चुलीशी कोण बसलेलं असतं त्याबद्दल.

माझं माहेर लालबागचं. वडील गिरणीत साचेखात्यात होते आणि आई खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली आणि अठरा मेंबर. बहुतेक सगळे आमच्या सातारा भागातले. बायका-मुलं गावाला आणि हे इथे गाळ्यात पथारी टाकून राहणारे. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत त्यांचे डबे तयार हवेत, म्हणून आई बारा महिने चार वाजता उठायची. मी झोपेतून ऐकत असे तो भाकरी थापण्याचा आवाज. थप, थप, थप आणि मग परातीवर हाताची कड घासल्याचा आवाज. आमच्याकडे धुंधुरमास असा वेगळा कधी नव्हताच. पहाटेची भाकरी रोजचीच, पण ती दुसऱ्यांसाठी. आई स्वतः जेवायची ते अकरा वाजता, डबे परत यायला लागले की. उरलेली, वातड झालेली भाकरी चहात बुडवून.

लालबाग-परळमध्ये अशा खानावळवाल्या बायका घरोघरी होत्या. गिरण्या चालत होत्या त्या नुसत्या वाफेवर आणि विजेवर नाही, या बायकांच्या भाकरीवरही चालत होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना एकत्र आणलं, सावकाराच्या दारी जाण्याऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर 'काम काय करता?' असं विचारलं, तर आमच्या आळीतल्या बायका 'काही नाही, घरीच असते' असं सांगायच्या. अठरा माणसांना दोन वेळा जेवू घालणारी बाई म्हणे 'काही नाही' करत!

लग्न होऊन १९७९ साली मी गिरगावात आले. सासरी धुंधुरमासाचा मोठा थाट. एक रविवार ठरायचा, दीर-नणंदा, चुलत सासरे, शेजारचे काका असे चौदा-पंधरा जण गॅलरीत पंगत मांडून बसायचे. सासूबाईंच्या हाताला खिचडी आणि भरीत छानच, पण भाकरी त्यांना थापता येत नसे. त्या घरात ती येणारी मी एकटी. "आमची सून लालबागची, भाकरी बघा कशी चंद्रासारखी करते," असं कौतुक व्हायचं. कौतुक खरंच होतं हो. पण ते ऐकू यायचं ते गॅलरीतून, आणि मी आत तव्याशी. तिसाव्या भाकरीला ऊन निघून गेलेलं असायचं, लोणी संपलेलं असायचं, आणि भरिताच्या पातेल्यात चमचाभर साली उरलेल्या. सासूबाईंचंही तेच. त्या वाढायला उभ्या. आम्ही दोघी शेवटी स्वयंपाकघरात बसून गार भाकरी खायचो आणि 'छान झालं नाही सगळं?' असं एकमेकींना म्हणायचो.

मग १९८२ साल उजाडलं. संक्रांतीचा तिळगूळ वाटून चारच दिवस झाले होते. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. पहिले दोन-तीन महिने सगळ्यांना वाटलं, मिटेल. मग मेंबर एकेक करून गावाकडे गेले. काहींनी जाताना पैसे चुकते केले, काहींनी पुढे गावाहून आणून दिले, काहींचे राहिले. पावसाळ्यापर्यंत आईची खानावळ बंद पडली. मी भेटायला गेले की वडील खिडकीशी बसलेले असायचे, आणि आई सांगायची, "अगं, चारला जाग येतेच. उठून बसते. करायचं काय, ते कळत नाही."

हे मी एकदा सहज सासूबाईंजवळ बोलले. त्या काही म्हणाल्या नाहीत. पण डिसेंबर आला तेव्हा म्हणाल्या, "या वर्षी धुंधुरमासाला विहीणबाईंना आणि व्याह्यांना बोलवायचं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी रविवार आहे, तोच ठरवू."

त्या रविवारी आई-वडील पहिल्या बसने आले. अंधारच होता अजून. आईच्या हातात पिशवी, पिशवीत सोललेले पावटे. रात्री जागून सोललेले. आल्या आल्या ती पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली. सासूबाईंनी तिचा हात धरला. "तुम्ही आज पाहुण्या. बसा पाटावर." आईला पंगतीत बसायची सवयच नव्हती. ती पाटाच्या अगदी कडेला बसली, कधीही उठता यावं अशी.

मी तव्यावरून पहिली फुगलेली भाकरी काढली. सासूबाईंनी ती नैवेद्याच्या पानावर ठेवली. दुसरी उचलली आणि थेट आईच्या ताटात घातली, वर लोण्याचा गोळा. लोणी वितळून भाकरीत मुरायला लागलं. आईने घास मोडला नाही. दोन्ही हात भाकरीवर नुसते ठेवले, शेकत असल्यासारखे. मग हळूच म्हणाली, "ताई, इतकी वर्षं भाकऱ्या केल्या. पण तव्यावरची भाकरी अशी माझ्या ताटात कुणी घातल्याचं काही आठवत नाही."

गॅलरीत क्षणभर कुणी काही बोललं नाही. वडील ताटाकडे बघत होते.

आईने अर्धी भाकरी खाल्ली आणि उठली. पाहुणी असली तरी उठली. आत येऊन मला म्हणाली, "ऊठ पोरी, आता तू बस. मी करते." आणि मी बसले, त्याच पाटावर, उन्हात. आईच्या हातची गरम भाकरी सासूबाईंनी मला वाढली. पुढची सासूबाईंना त्यांच्या थोरल्या मुलाने, म्हणजे आमच्या यांनी, वाढली. बसमध्ये चढायला वेळ लागेल, पण तव्यावरची भाकरी उलटायला पुरुषाला पाच मिनिटांत शिकता येतं, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं!

त्या दुपारी आणखी एक गोष्ट घडली. माझ्या पुतणीच्या वर्गातली एक मुलगी खोताच्या वाडीत राहायची. तिची आई नाताळची बशी घेऊन आली. दिवाळीचा फराळ आम्ही त्यांना द्यायचा आणि नाताळचा त्यांनी आम्हांला, असा रिवाज होता. बशीत कुलकुल होते. आपल्या शंकरपाळ्यांचे चुलतभाऊच म्हणा, फक्त शिंपल्यासारखे वळलेले. मी विचारलं, "एवढे बारीक बारीक वळायला तुम्हांला रात्र रात्र बसावं लागत असेल, नाही?" त्या हसल्या. म्हणाल्या, "छे हो! हे एकटीने करायचेच नसतात. पीठ मळून टेबलावर ठेवायचं. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे बसतात. कुणी काट्यावर वळतं, कुणी कंगव्यावर. वाकडे होतात, पण होतात."

मैत्रिणींनो, एकाच दिवशी हे दोन धडे मिळाले, म्हणून ते विसरले नाही. आता आई नाही, सासूबाईही नाहीत. पण आमच्या घरात नियम आहे. पहिली भाकरी देवाची, दुसरी करणारीची. बाकीच्यांचा नंबर त्यानंतर.

तुम्ही म्हणाल, नियम ठीक आहे, पण दहा माणसांचं जमवायचं कसं? सांगते.

आदल्या रात्री: टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाच्या पुढ्यात मटार किंवा पावट्यांचं ताट ठेवा. हात आपोआप चालतात. भाज्या चिरून झाका. वांगी घेताना मोठी, पण हाताला हलकी लागतील अशी घ्या, त्यांत बिया कमी निघतात. टोचे मारून, तेलाचा हात लावून रात्रीच भाजून, सोलून ठेवली तरी चालतात. सोलताना पाण्याखाली धुऊ नका, भाजल्याचा वास जातो. बोटं तेवढी पाण्यात बुडवावी. फोडणी, पातीचा लसूण, कोथिंबीर सकाळी.

खिचडी: दहा माणसांना दोन वाट्या तांदूळ आणि दोन वाट्या मूगडाळ पुरे. डाळ किंचित भाजून घ्या. तुपात जिरं, मिरी, आलं घालून परता आणि तेरा-चौदा वाट्या कढत पाणी घाला. कुकर लावला की तिच्याकडे बघायला नको.

भाकरी: वीस भाकऱ्यांना पावणेदोन किलो पीठ धरा. पीठ मात्र ताजंच दळून आणा. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे पीठ लवकर कडवट होतं. महिन्याचं आणून ठेवू नका. बाजरीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवायचं, एका वेळी दोन भाकऱ्यांपुरतंच, आणि तळहाताने चांगलं मळायचं. थापून झाली की वर तीळ पसरून हलकं दाबा. तव्यावर टाकल्याबरोबर वरून पाण्याचा हात फिरवा आणि ते सुकत आलं की उलटा. पूर्ण सुकू दिलंत तर भाकरी चिरते.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे थापणारी एक आणि भाजणारा दुसरा. पाच भाकऱ्या झाल्या की माणसं बदलायची. ज्यांना थापता येत नाही त्यांनी प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये थापावी. वाकडी होईल, पण होईल. ओट्याशी एक स्टूल ठेवा. करणारीची भाकरी तिथे लगेच, लोण्यासकट. "तू कर, तुझ्यासाठी ठेवलंय" हे वाक्य त्या दिवशी घरात कुणी उच्चारायचं नाही.

२०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून बाजरी मोठमोठ्या हॉटेलांतही जाऊन पोचली आहे. चांगलंच झालं. बाजरीत लोह भरपूर असतं, आणि आपल्या बायकांना त्याचीच तूट. सोबत लिंबाची फोड किंवा आवळ्याचं लोणचं घेतलं की ते लोह अंगी अधिक लागतं. पण ज्या बाईला लोह हवं तिनेच ती भाकरी शेवटी, अर्धी आणि गार खायची, याला काय अर्थ?

नातीला मी परत फोन केला. म्हटलं, "करते धुंधुरमासाचं. पण तू साडेपाचला उठायचं आणि तुझ्या बाबाला घेऊन ओट्याशी यायचं. पाच भाकऱ्या तुझ्या, पाच त्याच्या." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "आजी, माझ्या भाकरीचा नकाशा होणार." मी म्हटलं, "होऊ दे. मी खाईन ती. गरम."

जाता जाता:

थंडीत दही लागत नसेल तर दूध नेहमीपेक्षा किंचित गरम असतानाच विरजण लावा आणि भांडं फडक्यात गुंडाळून कणकेच्या डब्यात ठेवा.

लोणी येत नसेल तर ताक घुसळताना थोडं कोमट पाणी घाला. उन्हाळ्यात बर्फ, हिवाळ्यात कोमट पाणी, हे लक्षात ठेवा.

खोबरेल गोठलं तर बाटली गॅसजवळ नेऊ नका. गरम पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटं उभी करा.

मटार स्वस्त असतील तेव्हा सोलून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाका, लगेच गार पाण्यात काढा, कोरडे करून फ्रीजरमध्ये ठेवा. उन्हाळ्यापर्यंत हिरवे राहतात.

आणि हो, तुमच्या घरी तव्यावरची पहिली भाकरी कुणाच्या ताटात पडते, ते या सुट्टीत जरा बघा, आणि मला पत्राने कळवा.